सप्टेंबरअखेरची इटली: क्रेमोना, मांतोव्हा, मोदेना आणि एक भोपळा

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

मागच्या वर्षी इथेच विचारलं होतं, इटलीत आठ दिवस मिळाले तर रोम-फ्लॉरेन्स-व्हेनिस सोडून कुठे जावं? बारा जणांनी उत्तरं दिली. त्यातल्या नऊ जणांनी "रोम-फ्लॉरेन्स-व्हेनिसच करा" असं ठणकावलं. उरलेल्या तिघांचं आम्ही ऐकलं. त्यांचे आभार मानायला हा धागा.

आम्ही दोघंच, मी आणि नवरा. तो शाकाहारी, केकमधलं अंडं चालतं, ताटातलं चालत नाही, असा. मी पानात पडेल ते खाते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे यावरून रामायण आहे.

रविवारी मिलानला उतरलो, सोमवारी सकाळी क्रेमोनाची पॅसेंजर पकडली. सव्वा तास, तिकीट दहा युरोच्या आत. बाहेर पो नदीचं खोरं, सपाट म्हणजे किती सपाट, मक्याची शेतं संपतच नाहीत. नवरा म्हणाला, "शिरोळच बघायचं होतं तर एसटीने गेलो असतो."

क्रेमोनाच का? माझं माहेर मिरजेचं. सतारमेकर गल्लीतून शाळेत जायचे. लाकूड घासणाऱ्या मरफ्याची खरखर, चपड्याचा (लाखेचा) वास, ओट्यावर वाळत ठेवलेले भोपळे हे सगळं इतकं रोजचं होतं की ते बघायला लांबून लोक येतात याचं नवल वाटायचं. आमचे व्हायोलिनचे मास्तर म्हणायचे, क्रेमोना म्हणजे तिकडची मिरज. माझं व्हायोलिन चार वर्षांत सुटलं, ते वाक्य मात्र डोक्यात राहिलं.

तर सोमवारी पोचलो आणि व्हायोलिन संग्रहालय बंद. सोमवारी इटलीतली बरीच संग्रहालयं बंद असतात हे मी आधी बघायला हवं होतं. नवऱ्याने ते फक्त दोनदा बोलून दाखवलं. पण त्यामुळेच गल्ल्यांतून भटकलो. शहरात आज दीडशेच्या आसपास कार्यशाळा आहेत. दारावर छोटीशी पाटी नि घंटी. रीतसर आधी फोन करून जातात. आम्ही आपल्या घंट्या वाजवत सुटलो. तिसऱ्या दारात एकीने आत घेतलं. मूळची कोरियाची, इथल्या व्हायोलिन-शाळेत शिकायला आली ती राहिलीच. ही शाळा १९३८ची, जगभरातून पोरं येतात.

टेबलावर स्प्रूसच्या लाकडाची पाटी होती, अजून पांढरीफटक, व्हार्निशआधीची. तिच्या हातात अंगठ्याच्या पेराएवढा पितळी रंधा. त्यातून निघणारी ढलपी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आरपार दिसेल अशी. दोन-चार हात फिरवले की ती पाटी दोन बोटांत लोंबती धरायची, दुसऱ्या हाताच्या पेराने टकटक करायची, मान तिरकी करून ऐकायची, परत रंधा. जाडी मोजायचं यंत्र शेजारीच होतं. तासाभरात तिने ते एकदाच उचललं.

पुढची पाटी स्प्रूसची, बरेच जण आल्प्समधल्या वाल दी फिएम्मेची वापरतात. पाठ, बाजू आणि मान मेपलची, तो येतो बाल्कनकडून. सत्तरहून जास्त तुकडे एका साच्याभोवती जुळवायचे. एका माणसाच्या हातून वर्षाला तीन ते सहा वाद्यं होतात. २०१२ मध्ये युनेस्कोने या कारागिरीला वारसायादीत घेतलं.

मग तिने एका तयार व्हायोलिनच्या 'एफ' आकाराच्या भोकातून आत बघायला लावलं. आत पेन्सिलीएवढा खुंट उभा. सरस नाही, खिळा नाही, दोन पाट्यांच्या दाबावर नुसता उभा. तो केसभर सरकला तरी आवाज बदलतो. इटालियनमध्ये त्याला 'आनिमा' म्हणतात, म्हणजे आत्मा. मी म्हटलं, आमच्या तंबोऱ्यात जव्हारीवर तारेखाली सुती दोरा असतो, त्याला 'जीवा' म्हणतात. तिने रंधा खाली ठेवला. विचारलं, ते वाद्य कुठल्या लाकडाचं? मी म्हटलं, मान लाकडाची, खालचा भाग भोपळ्याचा. आधी तिला वाटलं माझं इंग्रजी चुकतंय. मोबाइलवर फोटो दाखवला तशी "त्सुक्का!" म्हणून ओरडलीच, म्हणजे भोपळा. मग हसत म्हणाली, इथून मांतोव्हाला जाणार ना? तिथे तो खातात.

निघताना एक ढलपी तिने माझ्या पासपोर्टात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी संग्रहालय. आंद्रेआ आमातीचं १५६६च्या सुमाराचं व्हायोलिन, स्त्रादिवारीचं १७१५चं 'इल क्रेमोनेझे'. काचेमागची वाद्यं बघून मी फार हलत नाही, खरं सांगते. पण तिथल्या सभागृहात ठरावीक दिवशी जुन्या वाद्यावर वाजवून दाखवतात, तिकीट वेगळं, ते चुकवू नका. रंगमंच मध्ये, माणसं चहूबाजूंनी, ध्वनीचं काम यासुहिसा तोयोता यांचं. पुढच्या रांगेतल्या बाईने पर्सची चेन उघडली तीसुद्धा मला कानाशी उघडल्यासारखी ऐकू आली.

तोराझ्झो म्हणजे तिथला विटांचा घंटामनोरा, ११२ मीटर, ५०२ पायऱ्या. मी चढले. नवरा खाली जिलातो खात माझं मनोबल वाढवत होता.

बाकीचं उद्या लिहिते.

चहाटळ

मी त्या नऊ जणांतला एक. शब्द मागे घेतो. फक्त तीन दारं वाजवून चौथ्यावर कुत्रं सोडलं का, तेही लिहा.

बोरकूट

छान लिहिताय, वाचतेय. त्या भागात मोस्तार्दा नावाचा प्रकार असतो ना? आमच्या हिने एकदा आणला होता, मुरांबा समजून पोळीबरोबर खाल्ला आणि नाकातून धूर निघाला.

मिलानकर

बोरकूट :) मुरांबा आणि फेसलेली मोहरी यांचं लग्न लावलं की मोस्तार्दा. फळं साखरेच्या पाकात दिवसेंदिवस मुरवायची आणि शेवटी मोहरीचा अर्क. हा अर्क इथे फार्मसीत मिळतो, थेंबांनी मोजून घालायचा. मी पहिल्या वर्षी बाटली उघडून वास घेतला होता, अर्धा तास काही दिसलं नाही. क्रेमोनाच्या बरणीत चेरी, नासपती, अंजीर अशी अख्खी फळं एकत्र असतात. मांतोव्हावाले एकाच फळाच्या चकत्या घेतात, सफरचंद नाहीतर क्विन्स. इथले लोक उकडलेल्या मांसाबरोबर खातात, मी थालीपिठाबरोबर. सासूबाईंनी (माझ्या, म्हणजे इटालियन) ते बघून डोळे मिटून घेतले.

क्रेमोनाचं दुसरं म्हणजे तोर्रोने. मध, अंड्याचा पांढरा बलक, बदाम. दात सांभाळून. गोष्ट अशी सांगतात की १४४१च्या ऑक्टोबरात बियांका मारिया व्हिस्कोंती आणि फ्रांचेस्को स्फोर्झा यांच्या लग्नात तोराझ्झोच्या आकाराची मिठाई केली, तीच ही. खरं-खोटं देव जाणे, नोव्हेंबरात तोर्रोनेची जत्रा मात्र भरते.

आणि कृष्णाकाठ, तुला ती शांततेची गोष्ट कुणी सांगितली नाही का गं? जानेवारी २०१९ मध्ये तिथल्या जुन्या वाद्यांचा एकेक सूर ध्वनिमुद्रित करत होते. दगडी रस्त्यावरून मोटार गेली तरी माइकमध्ये येई. म्हणून संग्रहालयाभोवतीचे रस्ते पाच आठवडे वाहनांना बंद ठेवले आणि महापौरांनी गावाला सांगितलं, जरा हळू.

चहाटळ

आमच्या पेठेत गणपतीत हा प्रयोग करायला मी त्यांच्या महापौरांना बोलावतो. येण्याजाण्याचा खर्च माझा.

कृष्णाकाठ

कुत्रं नव्हतं, एक आजोबा होते. जवळपास तोच परिणाम.

मांतोव्हा. क्रेमोनाहून तासाभराची गाडी. मिंचो नदी इथे पसरून तळी झालीत आणि गाव तीन बाजूंनी पाण्यात. तळ्यात कमळं आहेत, आपली कमळं! १९२१ मध्ये एका विद्यार्थिनीने लावली आणि ती हातपाय पसरत गेली. फुलं जुलै-ऑगस्टची, आम्हाला नुसती पानं आणि वाळलेली बोंडं दिसली. आणि डास. इतके डास की नवऱ्याने हॉटेलच्या काउंटरवर कागदावर डासाचं चित्र काढून दाखवलं आणि खाली "?" काढलं. ओडोमॉस न्या. हा सल्ला अख्ख्या धाग्यातला सगळ्यात उपयोगी.

गोंझागा घराण्याच्या राजवाड्यात मान्तेन्याने रंगवलेली खोली आहे, १४७४ मध्ये पुरी झालेली. छताच्या मध्यावर गोल झरोका रंगवलाय आणि कठड्यावरून बायका नि गुबगुबीत पोरं खाली आपल्याकडे डोकावतायत. लग्नघरात वरच्या मजल्यावरून पंगत बघतात ना, तसं. आत थोडीच मिनिटं थांबू देतात. मी सगळी मिनिटं वर बघण्यात घालवली, मान धरली, भिंती नीट बघायच्या राहिल्या. 'पालात्सो ते' नावाचा त्यांचा दुसरा महालही बघितला, पण तोवर भूक लागली होती, त्यामुळे त्याबद्दल माझ्या मतावर जाऊ नका.

आता भोपळा. तोर्तेल्ली दी त्सुक्का. करंजी म्हणा हवं तर, पण चौकोनी आणि उकडलेली. आत लाल भोपळ्याचा गर, आमारेत्ती बिस्किटांचा चुरा, मोस्तार्दा, जायफळ आणि किसलेलं चीज. वर वितळलेलं बटर आणि सेजची पानं. पहिला घास गोड लागतो, मग बिस्किटाचा कडवट बदामी वास, मग एकदम मोहरी नाकाच्या टोकाला, आणि सगळ्यात शेवटी खारट. चारही चवी ओळीने येतात, एकमेकींच्या अंगावर पडत नाहीत. माझ्या आजीची भोपळ्याची भरीत-कोशिंबीर अशीच असायची, मोहरी फेसलेली, वर साखर. नवरा दोन ताटं जेवला. भोपळ्याला आपलं म्हणणारा अख्ख्या युरोपात हा एकच देश, असं काहीतरी बरळत होता.

दुसऱ्या दिवशी स्ब्रिझोलोना, मक्याचं रवाळ पीठ आणि बदाम घालून केलेला खुसखुशीत केक. तो सुरीने कापायचा नाही, मुठीने फोडायचा. नावच मुळी चुऱ्यावरून आलंय. शाकाहारी मंडळींनी विचारून घ्या, जुन्या कृतीत डुकराची चरबी असते. आम्ही घेतला तो बटरचा होता. दुकानदारीण म्हणाली, "बटरचा? बरं, घ्या," त्यात तिचं मत स्पष्ट होतं.

जेवणाच्या वेळा: दुपारी साडेबारा ते अडीच. तीनला गेलात तर कोरडी सँडविचं. रात्री साडेसातच्या आधी चूल पेटत नाही. आणि बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी दोन-तीन युरो असतात, ते पान मांडल्याचे. भांडू नका, आम्ही भांडलो.

अर्धी_पोळी

ताई, एक सांगू का? राग मानू नका. त्या तोर्तेल्लीत किसलेलं चीज म्हणजे ग्राना पादानो नाहीतर पार्मिजानो. दोन्हीत वासराच्या जठरातलं रेनेट असतं. दूध फाडायला. नियमातच आहे तसं. त्यामुळे तुमच्या यजमानांनी दोन ताटं...

बोरकूट

अरे देवा.

कृष्णाकाठ

अर्धी_पोळी, तिथेच येत होते!

गुरुवारी रात्री पार्माला मुक्काम, शुक्रवारी सकाळी आठला गावाबाहेरच्या चीजशाळेत. नोंदणी आधी करावी लागते आणि सकाळचंच काम बघायला मिळतं. उलट्या घंटेसारखे खोल तांब्याचे हंडे. संध्याकाळच्या दुधावरची साय काढून त्यात सकाळचं दूध मिसळतात. दूध घट्ट थिजलं की प्रचंड तारेच्या रवीने ते तांदळाच्या कणीएवढं मोडायचं. खाली बसलेला गोळा दोघे जण कापडाच्या झोळीत धरून वर ओढतात, बाळंतिणीच्या खोलीतल्यासारखी शांतता असते त्या वेळी. मग त्याचे दोन भाग. एका चाकाला साधारण ५५० लिटर दूध, चाक भरतं ४० किलोच्या आसपास. मग मिठाच्या पाण्यात जवळपास तीन आठवडे, आणि मग फळीवर कमीत कमी बारा महिने. गोदामात चाकं छतापर्यंत रचलेली. तपासनीस छोट्या हातोडीने चाक ठोकत जातो, आत पोकळी किंवा चीर असेल तर आवाजावरून कळते. क्रेमोनात टकटक, इथेही टकटक.

नवरा खुशीत. चोवीस महिन्यांचा तुकडा हातात, तोंडात अर्धा. तेवढ्यात दाखवणाऱ्या मुलीने एक बरणी पुढे केली, म्हणाली, हे वासराचं रेनेट, याशिवाय पार्मिजानो होत नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. हातातला तुकडा हळूच माझ्या हातात आला. तोंडातल्याचं काय झालं ते मी विचारलं नाही, तेवीस वर्षांचा संसार आहे.

हॉटेलवर गेल्यावर म्हणाला, "म्हणजे आतापर्यंत पिझ्झावर, पास्त्यावर, पुण्यात त्या पोरांच्या वाढदिवसाला..." मोजत बसला. मग मोजणं सोडलं. पुढचे तीन दिवस चीज बंद.

चहाटळ

न कळत खाल्लेलं चालतं. शास्त्रात आहे. कुठल्या शास्त्रात ते विचारू नका.

अर्धी_पोळी

चेष्टा ठीक आहे, पण जे मनापासून पाळतात त्यांना कुणी सांगतच नाही हा माझा मुद्दा. सहलकंपन्या 'शुद्ध शाकाहारी जेवण' म्हणून पार्मेजान भुरभुरलेला पास्ताच वाढतात. माझ्या आईबाबांना असंच दहा दिवस वाढलं. घरी आल्यावर मीच वाचून सांगितलं आणि मग वाटलं, सांगायला नको होतं.

मिलानकर

मुद्दा बरोबर आहे तुमचा. इथे वेटरला "व्हेजिटेरियन" म्हटलं की तो मांस वगळतो, चीजचा विचार त्याच्या डोक्यातच येत नाही. दोन शब्द लिहून ठेवा: 'सेन्त्सा फोर्माज्जो' म्हणजे चीजशिवाय, 'सेन्त्सा स्त्रुत्तो' म्हणजे डुकराच्या चरबीशिवाय. एमिलियातला (पार्मा-मोदेनाच्या भागातला) तळलेला न्योक्को आणि शेजारच्या रोमान्यातली पियादिना यांत स्त्रुत्तो बहुतेक वेळा असतो, दिसायला अगदी आपली पुरी-पोळी. दुकानात चीजच्या पाकिटावर 'कालिओ व्हेजेताले' दिसलं तर वनस्पतीज रेनेट. मास्कारपोने आंबट घालून करतात, त्याला रेनेट लागत नाही.

आणि खायला काही नाही असं अजिबात नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर हा तर शाकाहाऱ्यांचाच महिना. पोर्चिनी अळंबी घातलेली पोलेंता (मक्याची उकड समजा), भाजलेल्या भोपळी मिरच्या, अंजिरं, द्राक्षं. तोस्कानात गेलात तर रिबोल्लीता, शिळा पाव, घेवडा आणि काळसर कोबीचं घट्ट सूप; आणि द्राक्षं घालून भाजलेली स्कियाच्चाता, जी फक्त द्राक्षतोडणीच्या दिवसांत करतात. किनाऱ्याकडे चेचिना किंवा फारिनाता मिळते: चण्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ. भट्टीत भाजलेलं धिरडं. माझी आई आली होती तेव्हा पिसात तीन दिवस तिने तेच खाल्लं आणि शेवटी म्हणाली, ओवा हवा होता.

अंडं अजिबात नको असेल तर एमिलियातला ताजा पास्ता टाळा, त्यात असतंच. सुका पास्ता बहुधा नुसता रवा आणि पाणी.

कृष्णाकाठ

मिलानकर, हे सगळं सांगायला आधी कुठे होतीस!

शेवटचा मुक्काम मोदेना. इथे नवऱ्याचा मूड परत आला, कारण माझं सासर तासगावचं. घरची द्राक्षबाग, बेदाण्याची शेडं. द्राक्षाचं काहीही म्हटलं की तो ताठ बसतो.

पारंपरिक बाल्सामिको बघायला गावाबाहेरच्या एका घरी गेलो. आवारात मोठी उघडी कढई, खाली जाळ, आत त्रेब्बियानो आणि लांब्रुस्को द्राक्षांचा रस आटत होता. खळखळून उकळू द्यायचा नाही, मंद, तासन्‌तास. वास थेट गुऱ्हाळाचा. रंगही काकवीचा. नवरा कढईजवळ जाऊन उभा राहिला आणि घरमालकाला खुणेने विचारलं, साय कोण काढतं? (म्हणजे मळी.) मालकाने झाऱ्या त्याच्या हातात दिला. पुढची दहा मिनिटं दोन शेतकरी एकमेकांची भाषा न कळता झाऱ्याबद्दल बोलत होते.

पिंपं माळ्यावर. तळघरात असतील असं वाटलं होतं, पण उन्हाळ्यात तापायला आणि हिवाळ्यात गारठायला हवीत म्हणून कौलांखाली. मोठ्याकडून लहानाकडे उतरती रांग, प्रत्येकाचं लाकूड वेगळं: ओक, चेस्टनट, चेरी, तुती, जुनिपर. वर्षातून एकदा सगळ्यात धाकट्या पिंपातून थोडं काढतात. ते भरायचं त्याच्या थोरल्यातून, तो भरायचा त्याच्या थोरल्यातून, आणि सगळ्यात मोठ्यात या वर्षीचा आटवलेला रस. पिंप कधी रिकामं होत नाही. निदान बारा वर्षं. 'एक्स्त्राव्हेक्किओ' म्हणजे पंचवीस. मुलगी जन्मली की तिच्या नावाने पिंपांची रांग लावायची आणि लग्नात द्यायची, अशी इथे जुनी रीत. मालकाच्या बहिणीची रांग अजून तिथेच होती. ती कॅनडात गेलीय, पिंपं विमानात बसत नाहीत.

चव चिनी मातीच्या चमच्यावर दोन थेंब. आंबट आधी की गोड आधी ते ठरवेपर्यंत दोन्ही गेलेलं असतं, मागे भाजलेल्या चिंचेसारखं काहीतरी जिभेच्या कडांना राहतं. १०० मिलीची ठरलेली बुटकी बाटली, ती मोटारींचे आराखडे करणाऱ्या ज्युजारोने आखलेली. बारा वर्षांची पन्नास युरोच्या वर, पंचवीस वर्षांची त्याच्या दुप्पट. दुकानात पाच युरोला जे मिळतं ते 'आयजीपी' शिक्क्याचं, म्हणजे मस्ट (द्राक्षाचा रस) आणि साधं व्हिनेगर एकत्र केलेलं. सॅलडला झकास, पण ते हे नव्हे. लेबलवर 'त्रादित्सिओनाले' (पारंपरिक) हा शब्द आणि डीओपी हा मूळ प्रदेशाचा शिक्का बघा.

नवरा म्हणाला, "बेदाण्याचे पैसे चार महिन्यांत येतात आणि तरी आपण रडतो. हा माणूस पंचवीस वर्षं माळ्यावर चढतोय." मग बारा वर्षांची एक बाटली घेतली. ती आता आमच्या देवघराशेजारच्या फडताळात आहे आणि कुणी आलं की तो ड्रॉपरने वाढतो.

कुंचला

खाण्याच्या धाग्यात कागद घुसवतो, माफी. कलाशाळेत असताना फाब्रियानोच्या कागदाचा एक ताव घेण्यासाठी आम्ही चौघे पैसे काढायचो आणि चार तुकडे करायचो. गेल्या वर्षी त्या गावी गेलो. तुमच्या वाटेवर नाही, खाली मार्के प्रांतात आहे, आंकोनाहून डोंगरात. जुन्या मठात कागदाचं संग्रहालय आहे. एक बुवा लगद्याच्या हौदात चौकट बुडवतो, वर उचलतो, दोन्हीकडे एक-एक हिसका, आणि ताव तयार. मला करू दिलं. माझा ताव एकीकडे पापड, दुसरीकडे थालीपीठ.

कागदातला जलचिन्हाचा शोध याच गावचा, १३व्या शतकाच्या शेवटचा. चौकटीच्या जाळीवर तारेची नक्षी शिवतात, तिथे लगदा पातळ बसतो, उजेडात धरला की दिसते. त्याच काळात त्यांनी चिंध्या कुटायला पाण्यावरचे हातोडे आणि तावाला जनावराच्या सरसाचा लेप आणला. अर्धी_पोळींनी हे वाक्य वाचू नये. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात मी हातकागद पाहिला होता, हौद आणि हिसका तोच.

व्हेनिसजवळच्या मुरानो या काचकामाच्या बेटाबद्दल एकच: फुकट बोटीने काचकाम दाखवायला नेणारा भेटला तर जाऊ नका. पाच मिनिटं घोडा फुंकून दाखवतात आणि एक तास दुकानात कोंडतात.

रंधा

नमस्कार. मी इथं फक्त वाचायला असतो, आज लिहितोय. आमचं दुकान सतारमेकर गल्लीतच आहे, चौथी पिढी.

कृष्णाकाठताई, दोन दुरुस्त्या. एक, लोक घोडीलाच (तारा जिच्यावरून जातात ती) जव्हारी म्हणतात, पण जव्हारी म्हणजे घोडीच्या पाठीला दिलेला उतार. तो कानशीनं घासून लावायचा, दोऱ्याचं काम त्याच्यानंतर. उतार चुकला तर जीवा कितीबी सरकवा, तंबोरा बोलत नाही. दुसरी, तुम्ही खाल्लात तो लाल भोपळा, डांगर. आमचा भोपळा दुध्याच्या जातीचा, कडू. त्याची भाजी केली तर यजमान चीजसुद्धा विसरतील.

बाकी त्या बाईंचं ढलपी काढून ठोकून बघणं अगदी कळलं. आमचे वडील तबलीची (भोपळ्याच्या तोंडावर बसते ती) फळी अशीच कानाशी धरतात. तबलीची जाडी मोजायचं माप आमच्याकडं नाहीच. आधी आम्ही हत्यारांना धार लावणारी माणसं, धार समजायला लागली की लाकूड समजतं असं आजोबा म्हणायचे. २०२४ला मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, चांगलं झालं. पण गल्लीत शिकायला पोरं नाहीत. कोरियाहून तर लांबच राहिलं, कोल्हापुराहून येत नाहीत.

एक विचारायचं होतं. तो अंगठ्याएवढा रंधा, त्याचं पातं सपाट होतं का खालून गोलाई होती? फोटो आहे का?

कृष्णाकाठ

रंधा, दुरुस्त्या मान्य. आठ वर्षं त्या गल्लीतून गेले आणि जव्हारी चुकवली, माझ्या मास्तरांना सांगू नका.

फोटो आहे, आत्ता टाकते. खालून गोलाई आहे, दोन्ही दिशांनी, चमच्याच्या पाठीसारखी. तिच्याकडे असे पाच होते, सगळ्यात लहान शेंगदाण्याएवढा. बनवून घेतलेले की विकतचे ते विचारायचं राहिलं. तिचा पत्ता आहे, पत्र टाकते.

दिवाळीत माहेरी येतेय. दुकानात आले तर चालेल का?

रंधा

या की. रविवारी दुपारच्याला या, वडील असतात. भोपळे पंढरपूरकडनं आलेत, वाळायला टाकलेत, ओट्यावर जागा नाही, बाजूनं या.

आणि ती ढलपी पासपोर्टात असेल तर घेऊन या. स्प्रूस मी हातात धरलेला नाही.